मालिका संपल्यावर त्याच त्या रोलमधून बाहेर कसं पडायचं

मी कास्टिंगमध्ये काम करते. ऑडिशन चालू असताना कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभं राहून समोरच्या पात्राचे डायलॉग वाचायचे हे माझं रोजचं काम, म्हणजे नट माझ्याकडे बघून बोलतो आणि मी एकदा कागद बघते, एकदा त्याचा चेहरा. त्यामुळे गाजलेली मालिका संपवून आलेले कितीतरी नट मी दोन हातांवरून बघितलेत. खोलीत आले की सगळे खूश होतात, कुणीतरी पात्राच्या नावानेच हाक मारतं, सेल्फी होतात, ऑडिशनही बऱ्याचदा चांगली होते, आणि दार बंद झालं की टेबलावरून आवाज येतो, "काम चांगलंय हो, पण लोकांना तेच पात्र दिसेल." झालं. पुढचं नाव.

हे वाक्य बंद दाराआड बोललं जातं म्हणून नटापर्यंत पोचतच नाही, त्याला फक्त "कळवतो" एवढंच ऐकू येतं, आणि मग तो सहा-सहा महिने स्वतःच्या अभिनयात खोट शोधत बसतो. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून जे मला आतून दिसतं ते इथे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी, घाबरतं कोण हे नीट समजून घ्या. मला तरी प्रेक्षक फारसे घाबरलेले दिसत नाहीत, दोन-चार एपिसोडमध्ये ते नवीन माणूस स्वीकारतात, गोष्ट चांगली असली की बस. घाबरतो तो निवड करणारा. एक रोल लॉक होण्याआधी कास्टिंगवाले, डिरेक्टर, निर्माता, आणि शेवटी चॅनेल किंवा प्लॅटफॉर्मची माणसं अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वरच्या माणसापुढे उत्तर द्यायचं असतं. नेहमीच्या छापातला नट घेतला आणि मालिका पडली तर कुणी कुणाला विचारत नाही, पण सोशिक आई करणाऱ्या बाईला खुनी म्हणून घेतलं आणि पडली तर पहिला प्रश्न "हिला कुणी सुचवलं?" त्यामुळे तुम्ही आवडलात तरी तुमच्यासाठी भांडायला माणसाच्या हातात काहीतरी लागतं. तुमचं सगळं काम आता तेवढंच आहे, जो तुमच्या बाजूने आहे त्याच्या हातात पुरावा द्यायचा.

अमेरिकन नट ब्रायन क्रॅन्स्टनचं उदाहरण मी प्रत्येकाला देते कारण त्यात हे सगळं जसंच्या तसं घडलंय. २००० ते २००६ 'माल्कम इन द मिडल' मध्ये तो गमतीशीर, वेंधळा, घाबरट बाप करत होता आणि लोकांना तो तसाच माहीत होता. मग लेखक व्हिन्स गिलिगनने त्याच्या 'ब्रेकिंग बॅड' साठी, म्हणजे कॅन्सर झालेला केमिस्ट्रीचा मास्तर जो हळूहळू गुन्हेगार होत जातो त्या रोलसाठी, त्याचंच नाव पुढे केलं, आणि चॅनेलच्या लोकांना हे पटेना, तो कॉमेडीवाला बाप? तेव्हा गिलिगनने त्यांना 'एक्स-फाइल्स' चा १९९८ चा एक एपिसोड दाखवला, स्वतः लिहिलेला, ज्यात क्रॅन्स्टनने एक तिरस्करणीय माणूस असा केला होता की शेवटी त्याची कीव यावी. तो बघून ते तयार झाले. मालिका २००८ ला आली आणि त्याला त्या रोलसाठी चार एमी, म्हणजे अमेरिकेतले टीव्हीचे मोठे पुरस्कार, मिळाले. बघा म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा एका एपिसोडचा रोल, लीड नाही काही नाही, तो कामाला आला. आणि तो लेखकाच्या लक्षात होता, हेही तितकंच महत्त्वाचं, त्यावर खाली बोलते.

आता तुमचा छाप नक्की कशाचा आहे ते शोधा, कारण "मी टाइपकास्ट झालोय" हे फार ढोबळ झालं, त्याने काहीच करता येत नाही. छाप चेहऱ्याचा असू शकतो, मेकअप-कपड्यांचा असू शकतो, आवाजाच्या पट्टीचा, बोलण्याच्या स्पीडचा, नात्याचा (सगळे तुम्हाला आईच देतात), हुद्द्याचा (कायम इन्स्पेक्टर), नाहीतर नुसता कॉमेडी की रडकं एवढाच. हे स्वतःला कळत नाही. मालिका पाहिलेल्या चार-पाच जणांना विचारा, पण पात्राचं नाव न घेता त्या माणसाचं वर्णन करायला सांगा, आणि त्यांनी वापरलेले शब्द लिहून घ्या. जे शब्द सगळ्यांच्या तोंडी आले ते तुमचे बेड्या घालणारे शब्द. मग मालिका अजिबात न बघितलेल्या दोन माणसांना तुमची दुसरी एखादी क्लिप दाखवा आणि तेच विचारा. दोन याद्यांमध्ये जो फरक पडतो ना, तिथे तुमचा पुढचा रोल लपलेला असतो, मी हे बऱ्याच जणांसोबत करून बघितलंय.

यादी झाली की माझं ठाम मत ऐका, सगळं एकदम बदलायला जाऊ नका. एक धागा ठेवा आणि बाकीचं बदला. क्रॅन्स्टन दोन्हीकडे बापच होता की, घरात अडकलेला मध्यमवयीन माणूस, बदललं काय तर हसू गेलं आणि भीती आली. ह्यू लॉरी इंग्लंडमध्ये बावळट श्रीमंत पोरांच्या कॉमेडी रोलसाठी ओळखला जायचा आणि २००४ ला 'हाऊस' मध्ये तो कडवट अमेरिकन डॉक्टर झाला, पण तिखट विनोदाचं टायमिंग तेच राहिलं. धागा ठेवला की निवड करणाऱ्यालाही आधार वाटतो, आणि प्रेक्षकही तुमच्या हाताला धरून नवीन जागी येतो.

उलटा प्रकार पण बघा. 'गोल्डन गर्ल्स' ही मालिका १९८५ ला आली, त्यात चार बायका. बेटी व्हाइटला आधी ब्लांचचा रोल दिला होता, म्हणजे पुरुषांच्या मागे असणारी नखरेल बाई, कारण आधी 'मेरी टायलर मूर शो' मध्ये तिने तशीच बाई गाजवली होती, आणि रू मॅक्लानहनला भोळ्या रोझचा रोल होता कारण तिनेही आधीच्या मालिकेत साधारण तशीच भाबडी बाई केली होती. डिरेक्टर जे सँड्रिचने दोघींचे रोल अदलाबदल करून वाचायला लावले, आणि तेच फायनल झालं. रोझसाठी बेटी व्हाइटला एमी मिळाला. यातून नटांनी घ्यायची गोष्ट म्हणजे, जिथे तुम्हाला नेहमीच्या रोलसाठी बोलावलंय तिथे तो नीट वाचून झाल्यावर, "मी ते दुसरं पात्रही एकदा वाचू का?" असं विचारायला काहीही हरकत नसते. दहातले आठ जण वेळ नाही म्हणतील. पण मी स्वतः दोनदा बघितलंय की त्या दुसऱ्या वाचनावर काम मिळालं.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय आणि ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, तो म्हणजे सवयी. छाप फक्त लोकांच्या डोक्यात नसतो, तो तुमच्या अंगातही बसलेला असतो. तीन-चार वर्षं रोज एकच माणूस केलात, रोज दहा-बारा तास, आणि डेली सोपचं काम असं असतं की हातात सीन येतो, वाचायला दहा मिनिटं, आणि टेक. तुम्ही पात्र इतकं ओळखता की विचार करावाच लागत नाही. आणि तिथेच घात होतो, पान उलगडून बघायची, हा माणूस इथे का बोलतोय, काय लपवतोय हे शोधायची सवयच मोडते. नवीन ऑडिशनचा कागद हातात आला की शरीर आपोआप जुन्या माणसाकडे जातं.

मला खोलीत उभं राहून जे दिसतं ते सांगते. सीन संपला तरी चेहरा तसाच धरून ठेवणं, कारण मालिकेत एडिटरला रिअॅक्शन लांब लागायची. डोळे मध्येच कोपऱ्यात जाणं, कारण तिथे प्रॉम्प्टर असायचा. समोरच्याचं वाक्य संपल्यावर थोडी जागा सोडून मगच बोलणं, कारण डायलॉग एकमेकांवर चढले की साउंडवाला ओरडायचा. सिटकॉम, म्हणजे विनोदी मालिका, करून आलेले वाक्याच्या शेवटी थांबतात, हसण्याला जागा देतात, आणि माझ्यासमोर कोणी हसत नाही मग त्यांचा तोल जातो. माझ्याशी बोलताना अंग कॅमेऱ्याकडे वळलेलंच असतं. आवाज पात्राच्या पट्टीतच लागतो, प्रसंग कुठलाही असू दे. यातली कुठलीही गोष्ट म्हणजे वाईट अभिनय नव्हे, त्या मालिकेत ती गरज होती आणि तुम्ही ती उत्तम शिकलात, पण इथे टेबलावरचा माणूस एवढंच म्हणतो की "अजून तेच दिसतंय".

हे मोडायला वेळ लागतो आणि त्यासाठी पैसे खर्च करायलाच हवेत असंही नाही. दोन पानांचा एक सीन घ्या, तुमच्या जुन्या पात्राच्या जवळचा नको, आणि तो तीन वेगवेगळ्या हेतूंनी करा, एकदा समोरच्याला थांबवायचंय, एकदा त्याला घालवून द्यायचंय, एकदा स्वतःची चूक झाकायचीय. मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, तीनही वेळा खांदे, मान, हात सारखेच दिसत असतील तर शरीर अजून जुन्या घरात राहतंय. दुसऱ्यांदा फोन उलटा ठेवून नुसतं ऐका, पट्टी बदलतेय का. आठवड्यातून तीनदा असं दोन महिने केलं तर फरक दिसतो, निदान मला तरी दिसलाय. नाटकाची संधी मिळाली तर अजिबात सोडू नका, तिथे क्लोजअप नाही, पूर्ण शरीराने बोलावं लागतं, तालीम असते, चुकायला वेळ असतो, आणि मालिकेने जे अवयव झोपवले होते ते जागे होतात.

दिलीप प्रभावळकरांकडे बघा ना. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर त्यांचा चिमणराव इतका गाजला की त्याच भित्र्या, गोंधळलेल्या माणसाच्या आवृत्त्या ते आयुष्यभर करू शकले असते. पण पुढे रंगभूमीवर 'हसवाफसवी' मध्ये एकाच नाटकात सहा वेगळी माणसं, १९९३ ला 'झपाटलेला' मधला तात्या विंचू, २००१ ला टिपऱ्यांच्या घरातले आबा, आणि २००६ ला पडद्यावर गांधीजी, त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारसुद्धा. यातला कुठला माणूस दुसऱ्यासारखा चालतो किंवा बोलतो? तुमच्याकडे निवडीची मुभा थोडी असेल, पण आवाज, चाल, पाठीचा कणा यावर काम करायची मुभा कुणीच काढून घेऊ शकत नाही.

मालिका अजून चालू असेल तर काही कामं आत्ताच करा, नंतर ती होत नाहीत. करार काढून वाचा. मालिका संपणं आणि करार संपणं या दोन वेगळ्या तारखा असू शकतात, एक्सक्लुझिव्ह कलम (दुसरीकडे काम न करण्याची अट) शेवटच्या टेलिकास्टनंतर किती दिवस लागू आहे, पुढच्या सीझनसाठी तुम्हाला धरून ठेवायचा हक्क निर्मात्याकडे आहे का, त्या काळात दुसरीकडे पाहुणा रोल चालतो का, पात्राचा गेटअप करून बाहेर कार्यक्रम करता येतो का, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि बहुतेक नटांनी सही केल्यानंतर ते कधी उघडलेलं नसतं. समजत नसेल तर वकिलाला किंवा कलाकारांच्या संघटनेला विचारा. जिथे परवानगी लागते तिथे ती लेखी घ्या, फोनवरच्या "हो हो कर की" ला नंतर काही अर्थ राहत नाही.

दुसरं, फुटेज. तुमच्या सीनचे हक्क तुमचे नसतात, त्यामुळे रीलसाठी (कास्टिंगला पाठवायचा तुमच्या कामाचा छोटा नमुना व्हिडिओ) क्लिप वापरायची परवानगी आणि चांगल्या क्वालिटीची फाइल दोन्ही मागून घ्या, आणि युनिट विखुरण्याआधी मागा, नंतर एडिटर दुसऱ्या मालिकेवर गेलेला असतो आणि हार्ड डिस्क कुणाकडे आहे तेच कळत नाही. क्लिप निवडताना लोकप्रिय सीन नको, जिथे तुमचं पात्र नेहमीसारखं वागलं नाही ते सीन घ्या, एखादा राग, एखादी खोटी थाप, वेषांतराचा ट्रॅक, स्वप्नातला प्रसंग. अशा लांब मालिकेत प्रत्येक पात्राला एखादा तरी असा ट्रॅक मिळालेला असतोच.

तिसरं म्हणजे पैसे. हे कडू आहे पण सांगते, नाही म्हणायची ताकद ही अभिनयातून कमी आणि बचतीतून जास्त येते. मालिका चालू असताना राहणीमान त्या कमाईला बांधू नका, निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल असं बघा. मालिका संपल्यावर पहिल्या काही आठवड्यांत फोन येतात, जवळजवळ सगळे त्याच रोलचे, फक्त नाव वेगळं, कपडे वेगळे. जवळ पैसा असेल तर थांबता येतं. नसेल तर घ्या तो रोल, बिनधास्त घ्या, घर चालवणं यात कमीपणा काही नाही, फक्त दोन गोष्टींसाठी भांडा, कराराची मुदत कमी असावी आणि एक तरी गोष्ट वेगळी असावी, लुक म्हणा, भाषेचा बाज म्हणा, पात्राला एखादी काळी बाजू म्हणा.

पण मालिकेतलं तेच पात्र घेऊन नवीन मालिका काढूया म्हणाले तर दोनदा विचार करा. मॅट लब्लांकने 'फ्रेंड्स' २००४ ला संपल्यावर लगेच त्यातलंच आपलं जोई हे पात्र घेऊन वेगळी मालिका केली, ती २००६ ला बंद झाली. त्यानंतर तो बराच काळ बाजूला राहिला आणि २०११ ला 'एपिसोड्स' मध्ये परत आला तो मॅट लब्लांक नावाच्या एका उद्धट, गाजून गेलेल्या नटाच्या भूमिकेत, म्हणजे लोकांच्या डोक्यात जे चित्र होतं त्यालाच त्याने कच्चा माल बनवलं, आणि त्यासाठी २०१२ ला गोल्डन ग्लोब मिळवला. हा रस्ता प्रत्येकासाठी नाही, त्याला मोठी ओळख लागते आणि लेखक चांगला लागतो. पण छाप पुसता येत नसेल तर त्याच्यावरच गोष्ट रचता येते.

आणि पहिला प्रयत्न पडला तर तो तुमच्यावरचा निकाल नसतो हो. ज्युलिया लुई-ड्रेफसची 'साइनफेल्ड' १९९८ ला संपली, २००२ ला आलेली तिची पुढची मालिका फार चालली नाही, तेव्हा लोक साइनफेल्डच्या नटांना शाप लागलाय असंच बोलायला लागले होते. २००६ ला आलेल्या मालिकेसाठी तिला एमी मिळाला आणि मग 'वीप' साठी २०१२ ते २०१७ सलग सहा. गाजलेल्या कामानंतरचं पहिलं काम सगळे जुन्याशी तुलना करत बघतात, त्यामुळे ते शक्यतो लहान असू द्या, तुमच्या एकट्याच्या खांद्यावर नको.

लहान रोलबद्दल नटांचा अहंकार दुखावतो, मला कळतं, चार वर्षं लीड केल्यावर एका एपिसोडसाठी जायचं म्हणजे लोक काय म्हणतील वगैरे. पण मघाशी सांगितलेला क्रॅन्स्टनचा पुरावा एका एपिसोडचाच होता. एका एपिसोडच्या रोलमध्ये निर्मात्याची जोखीम कमी असते म्हणून तिथे तो वेगळं काहीतरी करून बघायला तयार होतो, जे तो लीडमध्ये कधीच करणार नाही. लेनर्ड निमॉयने १९६९ ला 'स्टार ट्रेक' संपल्यावर त्याच वर्षी 'मिशन इम्पॉसिबल' मालिकेत प्रवेश केला आणि दोन सीझन असा माणूस केला जो दर वेळी वेषांतर करतो, म्हणजे 'स्टार ट्रेक' मधल्या टोकदार कानांच्या त्या शांत स्पॉकनंतर जवळजवळ दर एपिसोडला नवीन चेहरा. असे रोल शोधा. गुन्ह्यांच्या मालिकांमधले संशयित, कोर्टातले साक्षीदार, नवीन डिरेक्टरांच्या शॉर्ट फिल्म, आवाजाचं काम, ऑडिओ मालिका, जिथे चेहरा दिसतच नाही तिथे छापाचा प्रश्नही उरत नाही.

आता लेखकांविषयी. नट कास्टिंगवाल्यांच्या मागे लागतात आणि लेखकाला विसरतात, जेव्हा की पात्र पहिल्यांदा कुणाच्या तरी डोक्यात येतं तर ते लेखकाच्याच. तुमच्या मालिकेच्या सगळ्या लेखकांची, असिस्टंट डिरेक्टरांची, एपिसोड डिरेक्टरांची यादी करा. पाच वर्षांत त्यातला कुणीतरी स्वतःचं काहीतरी करणार असतो, आणि सेटवर टेकच्या मध्ये तुम्ही कसे होता, चहा पिताना कसल्या गप्पा मारायचात, चिडलात की कसे दिसता, हे त्याने बघितलेलं असतं, जे प्रेक्षकाने कधीच बघितलेलं नाही. त्यांना फोन करा, काम मागायला नको, त्यांचं काम बघून त्यावर बोलायला करा, आणि मधूनच सांगा की मला सध्या अमुक प्रकारची माणसं करून बघायचीत. नेमकं सांगा. "काहीतरी वेगळं द्या" हे ऐकून कुणाच्याच डोक्यात काही उभं राहत नाही. "मला एखादा हिशोबी, कमी बोलणारा, सरकारी ऑफिसातला माणूस करायचाय" म्हटलं की चित्र उभं राहतं आणि तसं पात्र लिहिताना तुमची आठवण होते.

मॅनेजर किंवा एजंटशीही असंच बोला. त्याला कमिशन लवकर हवं असतं, त्यामुळे तो सोपा रोल आधी आणणार, त्याची यात चूक नाही. तुम्ही त्याला लिहून द्या, की पुढचे सहा महिने या या प्रकारच्या रोलसाठी मला आधी पाठव, मानधन कमी असलं तरी चालेल, आणि या एका प्रकारासाठी मला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. नवीन फोटो आणि रील त्याच्याकडे नसतील तर तो बिचारा जुनेच पाठवत राहील.

फोटोंचं थोडक्यात. मालिकेच्या गेटअपमधला एकही फोटो पोर्टफोलिओत पुढे ठेवू नका. केस, दाढी, चष्मा यात काहीतरी खरा बदल करा, आणि साधे फोटो काढा, कमी मेकअप, नैसर्गिक उजेड, दोन-तीन वेगळे मूड, फिल्टर नको. रील दोन मिनिटांच्या आत. सुरुवातीलाच वेगळं काम टाका, गाजलेली मालिका शेवटी किंवा नाहीच, ती आम्हाला माहीत असते हो, आम्ही रील उघडतो ते माहीत नसलेलं बघायला, आणि पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत जुनंच पात्र दिसलं की पुढचं बघितलंच जाईल याची खात्री नसते.

सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड करून पाठवायची ऑडिशन, मात्र मनापासून शिका, कारण पुरावा तयार करायची ही एकच जागा आहे जिथे कुणाची परवानगी लागत नाही. ह्यू लॉरीने हाऊससाठीची टेप नामिबियात एका सिनेमाच्या शूटिंगला असताना हॉटेलच्या बाथरूममध्ये केली होती कारण पुरेसा उजेड तिथेच होता, आणि ती बघून पहिल्या एपिसोडचा डिरेक्टर ब्रायन सिंगरला तो अस्सल अमेरिकन नट वाटला. सिंगरच्या डोक्यात लॉरीचं आधीचं काम नव्हतं, समोर फक्त टेप होती. तुमच्या टेपनेही तेवढंच करायचं असतं, बघणाऱ्याच्या डोक्यातलं जुनं दोन मिनिटं बाजूला ठेवायचं.

तर फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. मागे साधी भिंत, उजेड समोरून, खिडकीचा असला तर उत्तम. फ्रेम छातीपासून वर. समोरचे डायलॉग वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी जवळ उभा करा म्हणजे तुमचे दोन्ही डोळे दिसतील, आणि त्याला हळू वाचायला सांगा, त्याचा आवाज मोठा आला की तुमचा सीन मरतो, मी स्वतः वाचणारी आहे म्हणून हे कळकळीने सांगतेय. लेन्समध्ये बघू नका. पंखा बंद, संगीत नको, एडिटिंगचे खेळ नकोत, पूर्ण पोशाख नको पण पात्राचा थोडा इशारा चालेल. दोन टेक पाठवायचे तर दोन्हीत खरा फरक हवा, नाहीतर एकच पाठवा. फाइलला तुमचं नाव आणि रोलचं नाव द्या, 'व्हिडिओ १' नावाच्या फाइली आमच्याकडे ढिगाने येतात आणि हरवतात. आणि बोलावणं नसेल तरी महिन्यातून एक सीन असा करून स्वतःकडे ठेवत जा, अचानक कुणी "रागीट काही आहे का?" विचारलं तर तासाभरात पाठवता यायला हवं.

जुन्या पात्राबद्दल बाहेर काय बोलायचं हाही प्रश्न असतोच, प्रत्येक मुलाखतीत विचारतात. निमॉयने १९७५ ला आत्मचरित्राचं नाव 'आय अॅम नॉट स्पॉक', म्हणजे मी स्पॉक नाही, असं ठेवलं आणि अनेक चाहत्यांना वाटलं की हा पात्राला झिडकारतोय, पुस्तकात तसं नसूनही. वीस वर्षांनी, १९९५ ला, दुसऱ्या पुस्तकाचं नाव त्याने 'आय अॅम स्पॉक' ठेवलं. तेव्हा "मला त्या रोलचा कंटाळा आला होता" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका, निर्मातेही ते वाचतात आणि त्यांना वाटतं हा आपल्याबद्दलही उद्या असंच बोलेल. दोन वाक्यं प्रेमाने बोला आणि तिसऱ्या वाक्यात आत्ताच्या कामावर या. सोशल मीडियावरही तसंच, जुने सीन टाकले की लाइक भरपूर येतात, तो मोह मोठा असतो, पण तुमचं नाव शोधणाऱ्याला वर वर जुनंच दिसत राहिलं तर नवीन कसं दिसणार, म्हणून जुनं वर्धापनदिनापुरतं आणि बाकी वेळ रियाज, वाचन, नवीन काम.

नकार आला तर एकदाच, सभ्यपणे विचारा, "माझ्या वाचनात काय कमी होतं की जुन्या ओळखीचा प्रश्न होता?" सगळे उत्तर देत नाहीत, पण मला कुणी असं सरळ विचारलं तर मी खरं सांगते. ओळखीचा प्रश्न असेल तर तुम्ही त्याच ऑफिसला चार-सहा महिन्यांनी नवीन टेप पाठवा. वाचनाचा असेल तर वर सांगितलेल्या सवयींपैकी कुठली आडवी आली ते रेकॉर्डिंगमध्ये शोधा.

एक शेवटचं राहिलं. पाच-सात वर्षांनी जुनी मालिका परत आणतोय असा फोन येऊ शकतो. तेव्हा नवीन ओळख उभी राहिली असेल तर आनंदाने जा, लोकांना खूप बरं वाटतं. पण उभी राहायच्या अर्ध्या वाटेवर असाल तर आधी किती दिवसांचं शूट आहे, एक्सक्लुझिव्ह आहे का आणि केस-दाढी पुन्हा जुनी करावी लागणार का, हे तिन्ही विचारा, कारण मध्येच दुसरीकडे लुक टेस्ट आली तर विगवर काम भागवता येतं का हे त्यांच्याकडून आधीच लिहून घेतलेलं बरं.